शापचे हात : गच्चीवरच्या कामाची वही

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

नवी वही. काम असं : फ्रान्सच्या क्लोद शापचा टेलिग्राफ, म्हणजे मनोऱ्यावरचे लाकडी हात फिरवून दुरून खुणांनी निरोप देणारं यंत्र, पाव मापात बांधायचा. शोकेसमध्ये ठेवायला नाही, चालवायला. तीन ठाणी करायची. पहिल्यानं दिलेला निरोप दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याकडे पोचला पाहिजे. पहिलं ठाणं आमची कोथरूडची गच्ची. दुसरं नानांच्या बिल्डिंगची गच्ची, आमच्यापासून सहाशे मीटर. तिसरं म्हातोबा टेकडीच्या उतारावर, नानांपासून साधारण १४०० मीटर. तिथे कायमचं काही रोवता येणार नाही, म्हणून घडीचं स्टँड. आमच्या गच्चीवरून टेकडीचा तो भाग दिसतच नाही, मध्ये बारा मजली इमारत आली आहे. एरवी मी त्या इमारतीला रोज शिव्या घालतो, या कामापुरती ती सोयीची. समोरासमोर दिसलं असतं तर मधल्या ठाण्याला कामच उरलं नसतं.

माणसं तीन. मी, भाचा ओंकार (अकरावी, सायन्स), आणि नाना. नाना रेल्वेत केबिनमध्ये लिव्हर ओढत निवृत्त झाले. हाताचा सिग्नल त्यांनी ऊन-पावसात वर्षानुवर्षं पाडला आहे.

नावावरून पहिल्याच दिवशी थांबलो. फ्रेंच उच्चार 'शाप'च होतो. नाना म्हणाले, "नावातच शाप आहे रे, जपून."

दुसरा अडथळा ओंकारचा. "मामा, टेलिग्राफ म्हणजे तार ना? मग यात तार कुठाय?" रास्त प्रश्न. आपल्याकडे वस्तू वायरीसकट आली, म्हणून निरोपालाही आपण तारच म्हटलं. तार आली म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची. १५ जुलै २०१३ पासून ती बंदही झाली. पण 'टेलिग्राफ' हा शब्द विजेच्या तारेआधी चाळीसेक वर्षं जुना आहे. शापनं आपल्या यंत्राला आधी 'ताकिग्राफ' म्हणजे 'जलद लिहिणारं' असं नाव ठेवलं होतं. १७९३ मध्ये मिओ नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानं सुचवलं, 'तेलेग्राफ' म्हण, दुरून लिहिणारं. ते नाव टिकलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

हातांचं यंत्र शापची पहिली कल्पना नव्हती. म्हणून आम्हीही त्याच्या आधीच्या प्रयोगापासून सुरुवात केली.

२ मार्च १७९१ ला शाप भावंडांनी ब्रुलों आणि पार्से या दोन गावांमध्ये पंधराएक किलोमीटरवर निरोप धाडला, तो घड्याळांच्या जोरावर. दोन्हीकडे एकाच चालीची दोन घड्याळं, तबकडीवर आकडे. काटा हव्या त्या आकड्यावर आला की इकडून इशारा. तिकडे आपल्या घड्याळाचा काटा कुठे आहे ते बघून आकडा लिहून घ्यायचा. इशारा म्हणजे एक बाजू काळी, एक पांढरी अशी फळी फिरवणं. आणि त्याही आधी, जवळच्या अंतरावर, तांब्याचं भांडं बडवणं.

भांडं आम्ही बडवलं. स्टीलचं पातेलं, उलथन्याचा दांडा. ओंकार चारशे मीटरवरच्या मैदानात, दोघांच्या मोबाइलवर एकाच क्षणी चालू केलेलं स्टॉपवॉच. वीस सेकंदांत दहा आकडे, म्हणजे एका आकड्याला दोन सेकंद. मी पाठवलं : ४, ७, १, ९. त्यानं लिहिलं : ४, ८, १, ०. सुरुवातीला त्याच्यावर चिडलो. मग हिशेब केला. आवाज सेकंदाला ३४० मीटर धावतो, चारशे मीटरला सव्वा सेकंद लागतोच. मी आकड्याच्या उत्तरार्धात टोला दिला की तिकडे काटा पुढच्या घरात गेलेला. ओंकार बरोबर होता. पंधरा किलोमीटरवर तर आवाजाला पाऊण मिनिट लागलं असतं, आणि ऐकू येणं तर दूरच. शाप फळीकडे का वळला ते सव्वा सेकंदानं समजावलं.

खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन गेल्या. ग्रहण आहे का विचारत होत्या.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दिवाळीत काम नको असं घरात ठरलं होतं, पण दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलोच. फटाक्यांच्या धुरात टेकडी नाहीशी. मग कागदावर हिशेब.

निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा फरक कळतो. १४०० मीटरवर ते चाळीस सेंटिमीटर झाले. आमचा सगळ्यात लहान हात पन्नास सेंटिमीटर लांब आणि आठ रुंद. नुसत्या डोळ्याला तिथे काहीतरी काळं आहे इतकंच कळणार, कोन नाही. आठ पटीच्या दुर्बिणीतून मर्यादा पाच सेंटिमीटरवर येते. आठाचा हात, पाचाची मर्यादा. निभेल. हवा स्वच्छ असेल तर.

दुर्बीण हाच या सगळ्याचा अर्धा जीव आहे. रॉबर्ट हूकनं १६८४ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दुरून खुणा दाखवून बोलण्याची रीत मांडली होती, दुर्बिणीसकट. ती व्याख्यानातच राहिली. खुणांचं डोकं त्याच्याकडे होतंच. मनोरे बांधून माणसांना पगार देणारं सरकार मिळालं नाही. शापला ते मिळालं, कारण फ्रान्स त्या वेळी चहूबाजूंनी लढत होता.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. "वर काय चाललंय? मोबाइल टॉवर तर नाही ना?" दोन कुटुंबांनी रेडिएशनची तक्रार केली म्हणे. लाकडाच्या तीन फळ्यांचं रेडिएशन! पण हसण्यावारी नेलं नाही, फराळाचं ताट देऊन समजावलं. १७९२ मध्ये पॅरिसजवळ बेलव्हिलला शापनं उभं केलेलं यंत्र जमावानं मोडून टाकलं होतं. लोकांना वाटलं, कैदेतल्या राजाला इशारे चाललेत. फराळ स्वस्त पडतो.

२ नोव्हेंबर, रविवार

मापं पक्की. मूळ यंत्रात मनोऱ्यावर उभा खांब, त्याच्या डोक्यावर मधोमध फिरणारा आडवा दांडा साडेचार मीटरच्या आसपास, आणि त्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी दोनेक मीटरचा हात. आमचं : दांडा ११५ सेंमी, हात ५० सेंमी. सहा मिलिमीटरचं प्लाय, काळा मॅट रंग. चकचकीत रंग घेऊ नका, उन्हात हात पांढरा दिसतो. हे आधी चकचकीत लावून कळलं.

हातांना पाठीमागून वजन हवं, नाहीतर प्रत्येक हात लोंबकळून खाली येतो. शापनं लोखंडी दांड्या लावून शिसं टांगलं होतं. आम्ही भंगारातून सायकलचे पेडल-आर्म आणले. नेमकं तोलायला अर्धा रविवार गेला. शेवटी वॉशर एकेक करून घातले. आता हात कुठल्याही कोनात सोडा, तिथेच राहतो. नाना बराच वेळ तो नुसता फिरवून सोडत बसले होते.

कोनांचा हिशेब सुंदर आहे. हात ४५ अंशांच्या टप्प्यांनी फिरतो, म्हणजे आठ जागा. त्यातली एक बाद : हात दांड्याच्या रेषेतच बाहेर ताठ असतो ती. लांबून ती नुसता लांब दांडा वाटते, टोक कुठे संपलं आणि हात कुठे सुरू झाला ते कळत नाही. उरल्या सात. दोन हातांच्या सात गुणिले सात, एकोणपन्नास. दांडा आडवा किंवा उभा, म्हणून अठ्ठ्याण्णव. यातल्या काही खुणा ठाण्या-ठाण्यांतल्या कामकाजासाठी राखून निरोपाला ब्याण्णव ठेवल्या. दांडा तिरपाही होतो, पण तिरपा असताना खूण मोजायची नाही. ही अट तेव्हा उगाच वाटली, पुढे कळली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज डोकं फिरलं. दोरी-कप्पीची जुळणी केली : खाली तीन चाकं, वर तीन कप्प्या, मध्ये सायकलच्या ब्रेकची वायर. एकेक हात मस्त फिरतो. पण दांडा आडव्याचा उभा केला की दोन्ही हात आपोआप भलतीकडे! दांडा नव्वद अंश फिरला, हात दांड्याच्या मानानं उलट नव्वद. म्हणजे जमिनीच्या मानानं ते जागचे हललेच नव्हते, दांडाच त्यांच्याखालून निघून गेला होता. कप्पीवरून वायर नेली की असं होणारच.

ओंकार लगेच : "सर्वो मोटर लावू, कोड लिहितो, दहा मिनिटांत सुटेल." नाना म्हणाले, "मग माझं काय काम?"

दुपारी जेवताना सुचलं की शापच्या यंत्राला खोलीत, चालकाच्या पुढ्यात, तस्संच एक छोटं यंत्र होतं. वरच्या हातांची बाहुलीच. ती फिरवायची, वरचं यंत्र तिची नक्कल करतं. घड्याळजी आब्राम-लुई ब्रेगेनं या जोडणीत हात घातला होता. मला आजवर ती बाहुली निव्वळ सोय वाटायची. पण बाहुलीतही दोरी तशीच कप्प्यांवरून गेली की तिचेही हात दांडा फिरवताना तसेच निसटतात, आणि वर-खाली दोन्हीकडची चूक एकसारखी होऊन जाते. चालकानं फक्त बाहुलीकडे बघायचं. ती हवी तशी दिसली की वरचं आपसूक बरोबर. कोनांची वजाबाकी डोक्यात करायला नको.

संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्याची बाहुली. चालली! नीट लाकडाची नाना करणार आहेत.

१६ नोव्हेंबर

वारा. उभा दांडा ढकलून वायर कप्पीवरून उतरली, एक हात पॅरापेटवर आपटून फुटला. शापच्या हातांना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या होत्या, वारा आरपार जावा म्हणून. मी त्या शोभेच्या समजून गाळल्या होत्या. आता सुतार पट्ट्या कापून देतोय, सहा हातांच्या. आमचं आळसाचं बिल नऊशे रुपये.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिलं आणि दुसरं ठाणं बोललं. सकाळी आठ वाजता. मी इकडे, नाना तिकडे, फोन बंद ठेवायचा करार.

इथे ती तिरप्याची अट कळली. रीत अशी : आधी दांडा तिरपा करायचा आणि त्या स्थितीत दोन्ही हात हवे तसे लावायचे. समोरचा ते बघून आपल्या यंत्रावर उतरवतो. त्याचं बरोबर उतरलं हे आपण दुर्बिणीतून पाहायचं, मगच दांडा आडवा किंवा उभा करून खूण पक्की करायची. पक्की झाल्यावरच समोरच्यानं ती वहीत लिहायची. थोडक्यात कच्ची खूण आणि पक्की खूण. हात हलत असताना मधलीच कुठली तरी आकृती कुणी निरोप समजून बसू नये, ही सगळी खबरदारी.

नानांना शिकवावं लागलंच नाही. म्हणाले, "लिव्हर ओढला म्हणजे सिग्नल दिला असं नसतं. तो तिकडे पडला की नाही ते बघितल्याशिवाय लिव्हरवरून हात काढायचा नाही. तार तुटलेली असली तर लिव्हर येतो लोण्यासारखा हातात आणि सिग्नल असतो तसाच."

पहिल्या तासात अठरा खुणा, दोन चुका. दोन्ही माझ्या. मी समोरच्याचं उतरलेलं न बघताच पक्की करत होतो. नानांनी तिकडून खूण तशीच धरून ठेवली, हलेचनात. मी इकडे घाम पुसतोय. पाच मिनिटांनी लक्षात आलं की ते मला माझी चूक दाखवत उभे आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार

लिपी. दांडा आडवा असताना एकोणपन्नास खुणा, त्यात सगळी व्यंजनं बसून जागा उरते. उभा असताना बाराखडीची बारा घरं, एक जोडाक्षराची खूण, दहा आकडे. व्यंजनातला अ-कार लिहायचा नाही, गृहीत; सुटा स्वर आला तर आधी अ. बाराखडी या यंत्रासाठीच केली असावी इतकी चपखल बसते. पाठ असलेल्याला नवं काहीच शिकायचं नाही. ओंकारला ती पाठ नाही, हा भाग वेगळा.

'पाऊस' करून पाहिलं : प, आ, अ, ऊ, स. पाच खुणा. खुणेला अर्धं मिनिट धरलं तरी 'पाऊस येतोय, कपडे काढा' म्हणेपर्यंत कपडे भिजून वाळतील.

शापलाही हाच धडा मिळाला. अक्षरं पाठवण्याऐवजी त्यानं शब्दांची पोथी केली. ब्याण्णव पानं, पानावर ब्याण्णव ओळी. पहिली खूण पानाची, दुसरी ओळीची. दोन खुणांत ८४६४ शब्द किंवा वाक्प्रयोग. संकेतांच्या कामात त्याला लेओं दलोने या नातेवाइकाची मदत झाली; तो परदेशात वकिलातीत काम केलेला, सांकेतिक पत्रांची सवय असलेला.

आमची पोथी बारा पानं, पानाला बारा ओळी. पान १ हवामान, पान २ चहा-नाश्ता, पान ३ यंत्रदुरुस्ती, पान ४ क्रिकेट. पान ५ नानांनी अडवलं आहे : 'नकार आणि सबबी'. त्यातली पाचवी ओळ, 'घरी विचारून सांगतो', सर्वाधिक वापरली जाईल असा माझा अंदाज.

७ डिसेंबर, रविवार

आज तिन्ही ठाणी, म्हणजे खरी परीक्षा. मी टेकडीवर घडीचं यंत्र घेऊन, ओंकार मध्ये नानांच्या गच्चीवर, नाना आमच्या गच्चीवर. घडीचं यंत्र खांद्यावर घेऊन चढताना फिरायला आलेल्या आजोबांनी विचारलं, "शूटिंग आहे का?"

अक्षरांनी एक वाक्य आणि पोथीतून एक, असे दोन निरोप पाठवायचे ठरले. अक्षरांचा होता 'वडे गार झाले'. पोचला 'वडे गरम झाले'. मधल्या ठाण्याची वही तपासली तर ओंकारनं ग आणि आ नीट पाहिले, र पाहिला, आणि मग वाक्य कळलंय या भरवशावर पुढचं दुर्बिणीत न बघताच लावून टाकलं. वडे गरमच असतात, गार झालेले कुणी कशाला कळवेल? वर त्यानं मोठ्या मनानं आधीच्या आ-काराची 'दुरुस्ती'ही पाठवली.

पोथीचा निरोप मात्र एकही चूक न होता पोचला. त्याची प्रत ओंकारकडे नव्हती. पान कोणतं, ओळ कोणती, काहीच ठाऊक नाही. नुसत्या आकृत्या, जशा दिसल्या तशा पुढे.

वहीत अधोरेखित करून ठेवतो : मधल्याला अर्थ कळला की तो ऐकलेलं सांगत नाही, समजलेलं सांगतो. शापच्या ओळींवर पोथी फक्त दोन टोकांच्या आणि मोठ्या ठाण्यांच्या अधिकाऱ्यांकडे असे. मधल्या मनोऱ्यांवर दोन-दोन माणसं दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून बसायची, तुटपुंज्या रोजावर. लढाई जिंकल्याची खबर त्यांच्या हातून जायची आणि त्यांना ती गावात इतरांबरोबर कळायची. मी हे आजवर गुप्ततेसाठी केलं असं समजत होतो. गुप्तता होतीच. पण अचूकपणाही त्यातूनच आला असणार, हे गार वड्यांनी शिकवलं.

ओंकार रुसला. "म्हणजे मी माकड?" नानांनी समजूत काढली. "मी उभ्या नोकरीत किती गाड्या सोडल्या. गाडीत कोण बसलंय ते कधी विचारलं नाही."

१४ डिसेंबर, रविवार

धुकं. नऊ वाजेपर्यंत टेकडी नाही. शापच्या यंत्राची ही कायमची दुखरी नस. रात्री बंद, धुक्यात बंद, पावसात बंद. रात्रीसाठी हातांना दिवे टांगून पाहिले, जमलं नाही.

थर्मासमधला चहा आणि नानांना गोष्टी. पॅरिस ते लिल ही पहिली ओळ, १७९४. त्या ऑगस्टअखेर कोंदे शहर ऑस्ट्रियाकडून परत मिळाल्याची बातमी सरकारातल्या कार्नोनं पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत वाचून दाखवली. शरणागती त्याच दिवशी सकाळी सहाची. सभेनं तिथल्या तिथे शहराचं नाव बदलून 'नोर-लिब्र', म्हणजे मुक्त उत्तर, केलं, ठराव मनोऱ्यांवरून धाडला, आणि सभा उठायच्या आत पोचल्याची खूण परत आली. घोडेस्वाराच्या काळात! मग ओळी वाढत गेल्या : स्ट्रासबुर्ग, ब्रेस्त, लिआँ, पुढे नेपोलियनबरोबर मिलान, व्हेनिस, ॲमस्टरडॅम. बहराच्या काळात पाचशेहून जास्त मनोरे आणि सुमारे ५००० किलोमीटर.

"आणि शाप?" नानांनी विचारलं. सांगावं लागलं. कल्पना आपलीच होती म्हणणारे बरेच निघाले, तब्येत ढासळली, मन खचलं. २३ जानेवारी १८०५ ला पॅरिसमध्ये खात्याच्या इमारतीच्या आवारातल्या विहिरीत त्यानं जीव दिला. वय एक्केचाळीस. कारभार भावांनी सांभाळला.

नाना काही बोलले नाहीत. साडेनऊला उठून दुर्बीण पुसली, म्हणाले, "दिसायला लागली बघ टेकडी."

तेवढ्यात सव्वीस खुणा झाल्या. सरासरी चाळीस सेकंदांना एक.

आपल्याकडची जोड म्हणून टिपून ठेवतो : कंपनी सरकारनंही कलकत्त्याहून गंगेच्या खोऱ्यात अशी मनोऱ्यांची ओळ आखली होती. १८१८ मध्ये भारताच्या मोठ्या मोजणीचा प्रमुख लँबटन याचा मदतनीस नेमला जाण्याआधी जॉर्ज एव्हरेस्ट त्याच ओळीच्या मोजणीवर होता. शिखराला नाव मिळालं त्याचं पूर्वायुष्य आमच्यासारखंच, कुठून काय दिसतं ते बघत फिरण्यात गेलं.

२१ डिसेंबर, रविवार

आज लाइनवर चोरी झाली. पकडलीही.

गेला आठवडा ओंकार ब्लां बंधूंची गोष्ट वाचत होता, मीच दिली होती. बोर्दोचे जुळे भाऊ, फ्रांस्वा आणि जोझेफ, सरकारी रोख्यांचे सट्टेबाज. पॅरिसच्या बाजारात भाव वर गेला की खाली आला ते बोर्दोला टपालगाडीनं काही दिवसांनी कळायचं. टेलिग्राफ होता, पण सरकारी कामापुरता. १८३४ पासून दोन वर्षं यांनी तूर शहरच्या ठाण्यावरचा माणूस पैसे चारून फितवला. पॅरिसचा साथीदार भावाची दिशा पार्सलमधून तूरला कळवायचा. हा माणूस मग सरकारी निरोपातच एक जादा खूण घालायचा आणि पाठोपाठ 'मागची खूण रद्द' अशी दुरुस्तीची खूण. मधले सगळे दोन्ही इमानानं पुढे ढकलत. बोर्दोच्या अधिकाऱ्यानं पोथी उघडून निरोप लावला की चूक गळून जायची, निरोप शुद्ध. पण त्याआधी बोर्दोतल्या मनोऱ्याकडे दुर्बीण लावून बसलेल्या साथीदाराला हवं ते दिसून गेलेलं असे. तूरच का? तिथे निरोप उलगडून तपासला जाई, आधीच्या चुका तिथेच गळत. म्हणून चूक तूरच्या पुढे घालायची.

पोथी न फोडता लाइन फोडली! ओंकार त्या दिवसापासून हवेत.

आज आमच्यात भारताच्या जुन्या मॅचचा खेळ होता. ओंकार मधल्या ठाण्यावर, नाना टेकडीच्या पायथ्याशी न जाता आमच्या गच्चीवर, पाहुणा म्हणून आलेला ओंकारचा मित्र त्यांच्या शेजारी. मी टेकडीवरून पोथीच्या पान चारमधून एका षटकाचा निकाल पाठवणार, निरोप उलगडायच्या आत नाना आणि मित्र यांनी आकडा ओळखायचा, हरेल त्यानं पावभाजी द्यायची. मित्र चार वेळा लागोपाठ जिंकला.

नाना क्रिकेट बघत नाहीत, पण हात बघतात. पाचव्या वेळी त्यांनी मित्राकडे न बघता स्वतःची वही माझ्या वहीशी ताडून पाहायला मागितली. मी पाठवल्या होत्या सहा खुणा. त्यांना आल्या होत्या आठ. जादा दोन : एक भलतीच आकृती आणि लगेच रद्दची. पाचही वेळा रद्दच्या खुणेच्या आधीची आकृती आणि षटकातल्या धावा जुळत होत्या. मी टेकडीवर निघताना षटकांचा कागद टेबलावर ठेवला होता, तो ओंकारनं आधीच पाहिला होता.

ओंकारचा बचाव : "ब्लां सुटले होते." खरं आहे. १८३६ मध्ये तूरचा माणूस आजारी पडल्यावर प्रकरण फुटलं, पुढच्या वर्षी खटला चालला. टेलिग्राफच्या अशा खासगी वापराला बंदी करणारा कायदाच तेव्हा नव्हता. खटल्याचा खर्च भरून भाऊ मोकळे. मग मे १८३७ मध्ये सरकारनं घाईघाईनं कायदा केला. फ्रांस्वा ब्लां पुढे माँटे कार्लोच्या कसिनोचा मालक झाला; हे ओंकारला सांगायला नको होतं.

नानांचा निकाल : पावभाजी ओंकारच्या खिशातून, चौघांची. आणि यापुढे प्रत्येक 'रद्द' खुणेची वेळ आणि ठाणं तिन्ही वह्यांत लाल शाईनं.

४ जानेवारी २०२६, रविवार

ओंकारचा सर्वोचा हट्ट पुन्हा. या वेळी त्याच्या बाजूला इतिहासही आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये विजेचा टेलिग्राफ आला तेव्हा टेलिग्राफ खात्याचा प्रमुख फ्वा आणि जुन्या ब्रेगेचा नातू लुई ब्रेगे यांनी यंत्र असं केलं की विजेनं दोन छोटे काटे फिरायचे आणि शापच्या हातांच्याच आकृत्या करायचे. समोर तार, वीज, सगळं असून तबकडीवर त्याच जुन्या खुणा, कारण माणसांच्या अंगात त्या मुरल्या होत्या.

ठरलं : चौथं ठाणं विजेचं, ओंकारच्या खोलीत, त्याची जबाबदारी. वरची तीन हातांचीच.

१४ जानेवारी, संक्रांत

सुट्टी नव्हती, पण सकाळी एक निरोप पाठवायचा म्हणून तिघे जागेवर. मी मधल्या ठाण्यावर, पहिल्यांदाच पोथीविना. टेकडीवरून नाना पाठवत होते. पाच खुणा आल्या, उतरवल्या, पुढे पक्क्या केल्या. सहावी कच्ची लागली आणि आमच्या डाव्या हातात कुणाच्या तरी कटलेल्या पतंगाचा मांजा अडकला. हात अर्ध्यावर. नाना टेकडीवर तिरपा दांडा धरून उभे. माझं बरोबर उतरेपर्यंत ते पक्की करणार नाहीत. ओंकार पुढच्या गच्चीवर माझी वाट बघत. मी स्टुलावर चढून मांजा सोडवतोय, बोट कापलं, हात सुटला, खूण लागली. नानांनी लगेच दांडा आडवा केला. सात मिनिटं ते तसेच उभे होते, वहीतल्या वेळांवरून कळलं.

निरोप काय होता ते मला अजून माहीत नाही. ओंकारनं पोथी लावून वाचला, हसला, आणि सांगितलं नाही. घरी आलो तर ताटलीत तिळाच्या तीन वड्या वेगळ्या काढून ठेवलेल्या. त्यातली माझी कोणती ते विचारल्यावर ओंकार म्हणाला, "पान पाच, ओळ पाच."

बाकी कामं : डाव्या हाताची एक पट्टी बदलणे. वरच्या कप्पीला ग्रीस. लाल शाईचं पेन नानांकडे राहिलंय.